अठरा वर्षांची ड्रायव्हर, महिन्याचं लायसन

कागदांच्या बाबतीत मी कडक आहे, असं माझ्या केंद्रातल्या चौदा शाळांपैकी कुठलाही शिक्षक सांगेल. काही जण 'कडक'च्या जागी दुसरा शब्द वापरतात, तोही मला माहीत आहे. केंद्रप्रमुख म्हणजे शाळाशाळांतून फिरून हजेरीपट आणि रजिस्टरं तपासणारी बाई. कुणाची सही राहिली, कुणाची तारीख चुकली, हे मला वर्गाच्या दारातूनच दिसतं. "कागद वाचल्याशिवाय सही करायची नसते, गुरुजी," हे माझं ठरलेलं वाक्य. दवनीवाड्याकडच्या एका शाळेत मुलं माझी नक्कल करताना हेच वाक्य म्हणतात, असं ऐकून आहे.

आधी शिक्षिका म्हणून आणि मग केंद्रप्रमुख म्हणून, अठरा वर्षं मी स्वतःची गाडी स्वतः चालवत शाळांना जाते. कुडव्यातल्या आमच्या गल्लीत कार चालवणारी पहिली बाई मीच. हे मी विचारल्याशिवायही सांगते.

मुलगी न्यूझीलंडमध्ये एका लहान गावाजवळच्या दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. सव्वीस वर्षांची आहे, एकटी राहते. तिथल्या आपल्या लोकांच्या मेळाव्यात कबड्डी खेळताना तिच्या उजव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. चालता येत होतं, पण गुडघा मध्येच दगा द्यायचा. ऑपरेशनसाठी ती दहा महिने रांगेत होती. फेब्रुवारीच्या शेवटी तिचा फोन आला.

"आई, तारीख मिळाली. मेच्या शेवटी."

"मग करून टाक."

"करून टाक काय? सहा आठवडे गाडी चालवता येणार नाही. सुट्टी दोनच आठवड्यांची. लॅब तीस किलोमीटरवर आणि इथे बस नाही. नोकरी अजून कायम झाली नाही माझी. आणि हॉस्पिटलवाले म्हणतात, घरी गाडीने न्यायला कोण आहे त्याचं नाव लिहून द्या. नाव नसेल तर तारीख दुसऱ्याला देतात."

"मग माझं नाव दे."

"तुझं?"

"काऊन? अठरा वर्षं काय बैलगाडी हाकते का मी?"

"ऑफिसची गाडी दुसऱ्याला चालवता येत नाही. भाड्याने घ्यावी लागेल."

"घेऊ."

एवढ्या सहज मी आयुष्यात दुसरं कुठलंच आश्वासन दिलेलं नाही.

तिने गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या अटी पाठवल्या. मी त्या मोठ्या अक्षरांत छापून घेतल्या आणि लाल पेन घेऊन बसले. लायसन मूळ हवं, झेरॉक्स चालणार नाही. खूण केली. लायसन किमान एक वर्ष जुनं हवं. माझं एकोणीस वर्षांचं होतं, तिथे खूण जरा मोठीच केली. लायसन इंग्रजीत हवं किंवा सोबत आंतरराष्ट्रीय परमिट हवं. लायसन इंग्रजीतच होतं, पण घासून घासून त्यावरची अक्षरं आणि माझा फोटो दोन्ही पुसट झाले होते. म्हटलं, परमिट काढलेलं बरं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, फोटो असं सगळं फाइलला लावून मी आरटीओत गेले.

खिडकीवरच्या मुलीने फाइल चाळली. एकही कागद कमी निघाला नाही, हे मी तिच्या तोंडाकडे पाहून ओळखलं आणि मनातल्या मनात खूश झाले. मग तिने लायसन हातात घेतलं.

"मॅडम, परमिट कशाचं पाहिजे?"

"गाडीचं."

"कोणत्या गाडीचं?"

"कारचं. तिकडे कार चालवायची आहे."

"यावर कार नाहीच आहे. हे टू-व्हीलरचं लायसन आहे."

"हो, पण लायसन आहे ना?"

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, हे मला आजही कबूल करवत नाही. तिने कार्ड माझ्याकडे वळवून बोट ठेवलं. वाहनाच्या प्रकाराच्या जागी मोटरसायकल होती. पुढे काही नव्हतं.

"मॅडम, आत्ता इथपर्यंत कशाने आल्या?"

माझी गाडी फाटकाशी, खिडकीतून सरळ दिसेल अशी उभी होती. किल्ली माझ्या हातात होती. मी काही बोलले नाही. शिक्षक असे गप्प बसतात तेव्हा मला सगळं समजतं. तिलाही समजलं.

"पाहिजे तर मोटरसायकलचं परमिट होऊन जाईल," ती म्हणाली. चेष्टा करत नव्हती, मदतच करत होती. "कारसाठी मात्र आधी शिकाऊ लायसन, मग तीस दिवसांनी टेस्ट."

हे झालं कसं, ते मला बाहेर येईपर्यंत आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वी गोरेगावला बाजाराच्या दिवशी आरटीओचं शिबिर होतं. आमच्या केंद्रातल्या अकरा शिक्षकांनी मिळून जायचं ठरवलं. आमच्याकडे कुठलंही सरकारी काम एकट्याने करायची पद्धत नाही. बिनव्याजी कर्जाचे फॉर्म असोत की आधार कार्डाची दुरुस्ती, सगळे फॉर्म एका जागी गोळा होतात आणि ज्याचं अक्षर चांगलं तो सगळ्यांचे भरतो. आमच्यात एका गुरुजींचं अक्षर छापल्यासारखं होतं. त्यांच्याकडे मोपेड होती. त्यांनी आधी स्वतःचा फॉर्म भरला आणि मग नाव-पत्ता बदलून तोच दहा वेळा उतरवला. आम्ही जिथे फुली होती तिथे सह्या केल्या आणि समोसे खाल्ले. एकाच मोपेडवर अकरा जणांनी आळीपाळीने आठचा आकडा काढला. मी पदर खोचून काढला आणि पाय टेकवला नाही, याचा मला अनेक वर्षं अभिमान होता.

पुढच्या वर्षी घरी जुनी छोटी कार आली. माझ्या सासरचे लोक कोहळी, म्हणजे पिढ्यानपिढ्या तलाव बांधणारे; पूर्वजांनी बांधलेला तलाव अजून गावात आहे. त्या तलावाच्या पाळीवर दिराने मला गाडी शिकवली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला धानाच्या बांध्या, रुंदी गाडीपेक्षा हातभर जास्त. त्यामुळे मी सरळ फार छान चालवते. गाडी यायला लागली, लायसन पर्समध्ये होतंच. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे का, हे पाहायचं मला सुचलं नाही. अठरा वर्षांत पोलिसांनी दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा "जा मॅडम" म्हणाले. मी चष्मा लावते आणि माझा चेहरा तपासणी करणाऱ्याचा आहे. त्याचा हा फायदा.

आरटीओच्या फाटकात उभी राहून मी नवऱ्याला फोन लावला. नवरा शेती करतो. त्याचं लायसन ट्रॅक्टरसोबत काढलेलं, त्यावर कारही आहे, पण त्याला गाडी चालवायचा कंटाळा. तो डाव्या सीटवर बसून डुलक्या घेतो.

"आरटीओत या. गाडी घरी न्यायची आहे."

"काऊन? पंक्चर झाली का?"

"नाही. मला चालवता येत नाही."

"अठरा वर्सं झाले चालवून राहिली, आज काऊन येत नाही?"

सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ काहीच आवाज आला नाही. तो हसताना आवाज करत नाही.

शिकाऊ लायसनसाठी डॉक्टरचा दाखला लागला. चाळिशीनंतर लागतो. डॉक्टरांनी डोळे तपासले, कान तपासले आणि म्हणाले, "या वयात शिकावंसं वाटलं, छान." मी त्यांना दुरुस्त केलं नाही. कारण त्यांच्या दवाखान्यापुढे मी गेली अठरा वर्षं गाडी लावत होते.

मग गाडीला पुढे-मागे लाल रंगातला 'एल' लागला. शेजारी लायसन असलेला माणूस बसवणं सक्तीचं. म्हणजे नवरा. कुडव्याहून निघून चौदा शाळांना तो माझ्यासोबत फिरायला लागला, आणि ज्या माणसाने अठरा वर्षं माझ्या शेजारी डोळे मिटून काढली, तो आता डोळे उघडे ठेवून बसला.

"मॅडम, क्लच हळू सोडा."

"मला शिकवू नका."

"मी नाही शिकवून राहिलो. कायदा शिकवून राहिला."

दवनीवाड्याच्या शाळेत पहिलीच्या पोरांनी गाडीभोवती गोळा होऊन "एल फॉर लायन" असं मोठ्याने वाचलं. वाचन सुधारलं आहे, अशी मी भेटीच्या शेऱ्यात नोंद केली.

महिन्याच्या शिक्षण परिषदेत मला ते सांगावंच लागलं. माझ्यासोबत त्या शिबिराला गेलेल्या दहापैकी सहा जण अजून माझ्याच केंद्रात आहेत आणि सहाही जण कारने येतात. मी म्हटलं, "आपापलं लायसन काढा आणि वाचा." पाकिटं निघाली, पर्सेस उघडल्या. मग असं शांत झालं, जसं मी गेली कित्येक वर्षं परिषदेत होऊ देण्याचा प्रयत्न करत होते.

छापल्यासारखं अक्षर असलेले गुरुजी पुढच्याच रांगेत होते. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले.

"माह्याकडे कायले पाहून राहिले?" ते म्हणाले. "मी फक्त लिहिलं. सह्या तुमच्या आहेत."

वाक्य माझंच होतं.

"पण मॅडम," मागून एक बाई म्हणाल्या, "हे तुम्ही सकाळीच कायले सांगितलं? आता घरी कसं जायचं?" त्या दिवशी दोन गाड्या शाळेच्या आवारातच राहिल्या. त्यांचे मालक एसटीने गेले. बाकीच्यांचं मी विचारलं नाही.

मुलीला मात्र यातलं काहीही सांगितलं नाही. "तयारी झाली का?" ती विचारायची. "झाली," मी म्हणायची. हॉस्पिटलच्या कागदावर तिने माझं नाव लिहून दिलं होतं. आता तिला काय सांगायचं, की ज्या बाईचं नाव लिहिलं ती एल लावून फिरते आहे? टेस्ट होईल, कार्ड येईल, तिला कळायची गरजच पडणार नाही, असं मी ठरवलं. दुसऱ्या कुणी असं ठरवलं असतं तर मी त्याला नोटीस दिली असती.

पहिल्या टेस्टला मी नापास झाले. वळणं झाली, मागे घेणं झालं. मग चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढे न्यायची होती. आमच्या भागात चढ नाही. धानाचा प्रदेश, पाणी उभं राहावं म्हणून सगळं सपाट. एक रेल्वेवरचा पूल आहे, त्यावर मी समोरचं सगळं मोकळं झाल्याशिवाय चढतच नाही. ट्रॅकवरच्या त्या चढावर गाडी मागे आली. थोडी नाही, सगळीच आली. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"मॅडम, गाडी शिकायला किती दिवस झाले?"

"तीस," मी म्हटलं. कायद्याने तेवढेच होते.

"मग ठीक चालवता," ते म्हणाले.

आठवडाभर नवऱ्याला घेऊन मी त्या रेल्वेच्या पुलावर सराव केला. मध्यावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, अर्धा क्लच सोडायचा. मागे रिक्षा, टेम्पो, स्कूटर अशी रांग. "अरे आंटी, चलना है कि घर बसाना है इधर?" एक ऑटोवाला ओरडला. नवऱ्याने काच खाली करून शांतपणे सांगितलं, "भैया, सीख रही है." त्या शब्दांइतकं मला संसारात दुसरं काही लागलेलं नाही. दुसऱ्या टेस्टला पास झाले. एप्रिलच्या मध्याला नवं लायसन झालं, कार्ड पोस्टाने आलं, परमिटही मिळालं. गुळगुळीत कार्ड, स्पष्ट फोटो, पुढे-मागे छापलेलं. मी विमानात बसले तेव्हा कागदांच्या बाबतीत माझ्याइतकी निश्चिंत बाई त्या विमानात नसेल.

ऑपरेशन सोमवारी होतं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हॉस्पिटलला फोन करून घरी नेणाऱ्याचं नाव पक्कं करायचं होतं. गाडी घ्यायला आम्ही गुरुवारी गेलो. मुलगी काठी टेकत माझ्या शेजारी उभी होती. काउंटरवर तिच्याच वयाची एक गोरी, हसरी मुलगी. तिने पासपोर्ट पाहिला, परमिट पाहिलं, लायसन पाहिलं. मग लायसन उलटून पाहिलं. मागच्या बाजूला प्रत्येक प्रकारच्या गाडीपुढे ती कधीपासून चालवायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. मोटरसायकलपुढे एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख. कारपुढे गेल्या महिन्याची.

तिचं हसू आणखी मोठं झालं. "अरे वा! तुम्ही नुकत्याच शिकलात! माझी आईसुद्धा शिकायचं म्हणते आहे."

मग तिने फार वाईट वाटतं आहे असं म्हणून सांगितलं, की लायसन एक वर्ष जुनं असल्याशिवाय त्यांना गाडी देता येत नाही. मोटरसायकल असती तर देता आली असती, पण ती त्यांच्याकडे नाही.

"आय ॲम ड्रायव्हिंग सिन्स एटीन इयर्स," मी म्हटलं.

ती कार्डाकडे पाहायला लागली. "पण यावर तर..."

"दॅट इज ओन्ली पेपर."

मी. कागदाला. ओन्ली पेपर म्हटलं.

"म्हणजे अठरा वर्षं लायसन नसताना?" तिने विचारलं. तिला खरंच समजत नव्हतं.

"आई, गप्प बस," मुलगी मराठीत म्हणाली.

"अगं, खरं तेच सांगते आहे."

"तेच सांगू नको ना! इथे लिहून घेतात."

बाहेर येऊन आम्ही एका बाकावर बसलो. थंडी चांगलीच होती. मी तिला आरटीओच्या खिडकीपासून रेल्वेच्या पुलापर्यंत सगळं सांगितलं. ती हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही.

"मार्चमध्ये कळलं होतं तुला?"

"हो."

"मार्चमध्ये सांगितलं असतंस तर मी दुसरं काहीतरी केलं असतं. अडीच महिने होते. आता उद्या दुपारपर्यंत आहे." मग ती म्हणाली, "दहा महिने थांबले मी, आई. जिने उतरताना कठडा धरून उतरते. बाथरूममध्ये पडले एकदा, तुला सांगितलं नाही."

"का नाही सांगितलंस?"

"तू का नाही सांगितलंस?"

सांगायची लाज वाटली, एवढंच. ती लाज वाचवण्यासाठी मी तिची तारीख घालवत होते. हॉस्पिटलला आत्ताच नाही म्हणून कळवू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, उद्या बारापर्यंत कळवायचं आहे ना, मग बारापर्यंत थांब.

तासाभरात आम्ही पाच ठिकाणी फोन केले. आता मी पहिला प्रश्न एकच विचारत होते: लायसन किती जुनं लागतं? कुणी एक वर्ष म्हणालं, कुणी दोन. तिच्या लॅबमधल्या एका मैत्रिणीने टायरच्या दुकानामागच्या एका म्हाताऱ्याचा नंबर दिला. त्याच्याकडे जुन्या गाड्या आहेत आणि तो कुणाला द्यायच्या ते स्वतः ठरवतो, असं कळलं. आम्ही टॅक्सी करून गेलो.

म्हातारा लोकरीची टोपी घालून एका गाडीचं बोनेट पुसत होता. त्याने लायसन घेतलं आणि आधी मागची बाजूच पाहिली.

"एक महिना?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. मोडक्या इंग्रजीत, पण काही गाळलं नाही. अकरा जण, एक मोपेड, अठरा वर्षं, एल. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"अठरा वर्षांत अपघात किती?"

"एक. म्हशीला."

"चूक कुणाची?"

"म्हशीची नव्हती."

त्याने किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः शेजारी येऊन बसला. मुलगी मागे बसली.

गाडीला क्लच नव्हता. ही गोष्ट मला माहीत होती, माझ्या डाव्या पायाला नव्हती. पहिल्याच वळणावर त्या पायाने क्लच समजून ब्रेक दाबला आणि आम्ही तिघंही पुढे आदळलो. पुलावरचा आठवडाभराचा सराव असा एका मिनिटात माझ्यावर उलटला. म्हातारा म्हणाला, डावा पाय सीटखाली दुमडून ठेवा. मी ठेवला. पुढे एका आंधळ्या वळणावर मी सवयीने हॉर्न दिला. समोरचा माणूस गाडी कडेला घेऊन थांबला आणि वळून पाहायला लागला.

"ओळखीचा आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. मी येते आहे, एवढं सांगितलं."

"इथे कुणी तसं सांगत नाही."

गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, हे मी आरटीओच्या परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते कुठे खरंच करतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मी सगळ्यांना जाऊ दिलं. कुणीच येत नव्हतं तेव्हाही मी आणखी थोडी थांबले. म्हाताऱ्याने घड्याळाकडे पाहिलं.

परत आल्यावर तो म्हणाला, "तुमचा हात चांगला आहे. गाडी अगदी सरळ राहते." मी तलावाच्या पाळीबद्दल सांगणार होते, पण मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून राहू दिलं. "पाय आणि हॉर्न मात्र वाईट. उद्या दहा वाजता परत या. पुन्हा पाहीन. मग सांगेन."

त्या संध्याकाळी मुलीने मला जेवणाच्या टेबलाशी बसवून तिथल्या रस्त्याचे नियम शिकवले. पलीकडे ती गुडघ्याखाली उशी घेऊन बसली होती. मी चुकले की ती म्हणायची, "पुन्हा वाच." दोनदा म्हणाली, "वाचल्याशिवाय हो म्हणू नको." ही मुलगी माझ्याकडेच शिकलेली आहे, हे मला त्या दिवशी पटलं. डावा पाय खुर्चीखाली दुमडून ठेवायचा सरावही मी जेवता जेवता केला.

शुक्रवारी दहाला म्हातारा पुन्हा शेजारी बसला. या वेळी त्याने डोंगराकडचा रस्ता सांगितला. मी हॉर्नवरून हात काढून घेतला, डाव्या पायावर पर्स ठेवली आणि चालवलं. गोल चौकात एकदाच थांबले, तेही खरंच कुणीतरी येत होतं म्हणून. परत आलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. त्याने एक कागद पुढे केला. मी तो वाचायला बसले. पूर्ण. दोन्ही बाजू. मुलगी काठीवर वजन टाकून घड्याळ पाहत होती.

"आई, पावणेबारा झाले."

"वाचू दे."

"आई!"

मी सही केली. तिने तिथेच उभ्याने हॉस्पिटलला फोन लावला. "हो, सोमवारी येते. आई नेणार आहे. हो, गाडी आहे." मग पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण ती माझ्याकडे पाहून थांबली आणि म्हणाली, "हो. चांगली चालवते."

सोमवारी सकाळी दहाला हॉस्पिटलमध्ये पोचायचं होतं. पंचवीस मिनिटांचा रस्ता. मी साडेआठला तिला गाडीत बसवलं. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, ओल्या गायी, रस्ता सगळा रिकामा आणि चांगला रुंद. मी साठने चालले होते. थोड्या वेळाने मागे तीन गाड्या जमल्या, मग पाच. एकानेही हॉर्न दिला नाही. ते मला फार जड जात होतं.

"आई," मुलगी म्हणाली, "इथे शंभरची मर्यादा आहे."

"मर्यादा आहे ना. सक्ती नाही."

ती त्या आठवड्यात पहिल्यांदा हसली. मग तिने सीट मागे घेतली आणि डोळे मिटले, अगदी तिच्या बापासारखे. पुढच्या वळणावर रस्त्याची कडा जरा रुंद होती. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि त्या पाचही गाड्यांना जाऊ दिलं. शेवटचा माणूस जाताना हात हलवून गेला.

"काय झालं?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"काही नाही. झोप तू," मी म्हटलं, आणि मागचा रस्ता दोनदा पाहून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.